पेशी डीएनए दुरुस्त करते आहे का, हे मोजायचं कसं: केंद्रकासाठी कॉमेट, मायटोकॉन्ड्रियासाठी लांब पीसीआर

डीएनए दुरुस्ती मोजायला बसलेले बरेच जण प्रत्यक्षात नुकसानच मोजत असतात. कॉमेट प्रयोगात पेशी स्लाइडवरच्या जेलमध्ये बसवून वीज लावतात; तुटलेला डीएनए केंद्रकातून धूमकेतूच्या शेपटासारखा बाहेर ओढला जातो. पेशींवर पेरॉक्साइड टाकलं, तासाभराने स्लाइड केली, शेपूट छोटं दिसलं आणि निष्कर्ष लिहिला. त्या एका आकड्यावरून नुकसान मुळात कमी झालं होतं की जास्त होऊन भरून आलं, हे सांगता येत नाही. दुरुस्ती म्हणजे वेग. त्यासाठी शून्य मिनिटाचा नमुना हवा, पुढचे चार-पाच नमुने हवेत, आणि ते सगळे एकाच दिवशी एकाच टँकमध्ये चाललेले हवेत.

दुसरी गोष्ट, केंद्रक आणि मायटोकॉन्ड्रिया एकाच पद्धतीने मोजता येत नाहीत. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए म्हणजे फक्त १६,५६९ बेसजोड्यांचं वर्तुळ. कॉमेटच्या लायसिसमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) पेशीची आवरणं विरघळली की एवढे लहान रेणू जेलमधून वाहून जातात. म्हणजे कॉमेटच्या चित्रात दिसतं ते केंद्रक. मायटोकॉन्ड्रियाविषयी बोलायचं असेल तर वेगळा प्रयोग लावावा लागतो, तो पुढे दिला आहे.

नुकसान कोणतं करायचं, ते आधी ठरवा

पेशी कोणता मार्ग वापरेल हे नुकसानाच्या प्रकारावर ठरतं. हायड्रोजन पेरॉक्साइड मुख्यतः एकेरी तुटी (डीएनएच्या दोनपैकी एकाच धाग्यात) करतं, सोबत थोडे ऑक्सिडाइझ झालेले बेस. पोटॅशियम ब्रोमेट (पावाच्या पिठात घालायला भारतात २०१६ पासून बंदी असलेलं तेच रसायन) तुटी कमी आणि ८-ऑक्सोग्वानिन (ऑक्सिडाइझ झालेला ग्वानिन बेस) जास्त देतं. ही दोन्ही कामं बेस एक्सिजन रिपेअरकडे, म्हणजे खराब बेस काढून नवा भरणाऱ्या एन्झाइमांच्या साखळीकडे जातात. ८-ऑक्सोग्वानिन असेल तर ओजीजी१ तो बेस उचलतं, एपीई१ रिकाम्या जागी धागा कापतं, पॉलिमरेज बीटा एक न्यूक्लिओटाइड भरतं आणि एक्सआरसीसी१-लायगेज ३ ही जोडी टाका घालते.

२५४ नॅनोमीटरचा यूव्ही पिरिमिडिन डायमर (धाग्यावरचे शेजारचे दोन बेस एकमेकांना चिकटलेले) करतो. ते काढायला न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर लागतं. यात धागा दोन ठिकाणी कापून साधारण ३० न्यूक्लिओटाइडचा तुकडाच काढून टाकला जातो. झिरोडर्मा पिगमेंटोसम या उन्हाने त्वचेला इजा होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या बहुतेक रुग्णांमध्ये हाच मार्ग मोडलेला असतो. मायटोकॉन्ड्रियात हा मार्ग नाहीच, आणि १९७४ पासून माहीत असलेली ही गोष्ट कंट्रोल म्हणून फार उपयोगी पडते.

गॅमा किरण आणि ब्लिओमायसिन दुहेरी तुटीही करतात. एक ग्रे किरणांनी एका पेशीत एकेरी तुटी हजाराच्या घरात होतात, दुहेरी मात्र तीस-चाळीसच. त्यामुळे अल्कलाइन कॉमेटमध्ये दुहेरी तुटींची दुरुस्ती एकेरीच्या गर्दीत बुडून जाते. ती बघायची असेल तर गॅमा-एच२एएक्सचे (दुहेरी तुटीजवळ खुणेसारखं उमटणाऱ्या प्रथिनाचे) ठिपके मोजा. अर्ध्या तासाच्या सुमारास ते सर्वाधिक असतात आणि चोवीस तासांत जवळजवळ मूळ पातळीवर यायला हवेत. या लेखात तो प्रयोग घेतलेला नाही.

कॉमेट: द्रावणं

पहिल्यांदा करताना हीला किंवा तत्सम सोपी सेल लाइन घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या भांडारातून ती मिळते. ताज्या रक्तातले लिम्फोसाइट्स सोयीचे वाटतात, पण विभाजन न होणाऱ्या लिम्फोसाइट्सची दुरुस्ती संथ असते आणि माणसामाणसात फरक असतो. शिवाय रक्त घ्यायचं तर नैतिकता समितीची परवानगी आणि लेखी संमती आधी हवी.

लायसिसचा साठा एक लिटर: मीठ (सोडियम क्लोराइड) १४६.१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७.२ ग्रॅम, ट्रिस १.२ ग्रॅम. ईडीटीए आम्लात विरघळत नाही, म्हणून सुरुवातीलाच साधारण ८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घाला, वीस मिनिटं ढवळा, पीएच १० ला आणा आणि पाण्याने ८९० मिलिलिटर करा. एक हजार नाही, कारण उरलेली जागा १० टक्के डीएमएसओ आणि १ टक्का ट्रायटन एक्स-१०० यांची आहे. ते दोन्ही वापरण्याच्या दिवशीच मिसळायचे आणि द्रावण अर्धा तास फ्रिजमध्ये थंड करायचं. रक्ताच्या नमुन्यात हिमोग्लोबिनच्या लोहामुळे तयार होणारे मुक्त मूलक डीएमएसओ टिपतं, म्हणून तिथे ते गाळू नका.

इलेक्ट्रोफोरेसिसचं द्रावण प्रत्येक वेळी ताजं करायचं. १० नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिलिलिटर, २०० मिलिमोलर ईडीटीए (पीएच १०) ५ मिलिलिटर, बाकी थंड पाणी घालून एक लिटर. पीएच १३ च्या वर हवा. अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे जुना साठा कागदावर १० नॉर्मल असला तरी प्रत्यक्षात कमी भरतो आणि शेपटं अचानक लहान दिसू लागतात. साठा दोन आठवड्यांनी टाकून द्या. गॉगल घातल्याशिवाय १० नॉर्मल अल्कलीला हात लावू नका.

पेरॉक्साइडची बाटली हे चुकांचं दुसरं घर. ३० टक्के द्रावण साधारण ९.८ मोलर असतं, पण वारंवार उघडलेली बाटली ताकद गमावते. १०.२ मायक्रोलिटर घेऊन १० मिलिलिटर पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) टाका, म्हणजे १० मिलिमोलर होईल. आता २४० नॅनोमीटरला शोषण वाचा: एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.४४ च्या आसपास यायला हवं. ०.३० आलं तर तुमच्याकडे ७ मिलिमोलरही नाही, त्या हिशोबाने पुढचं डायल्यूशन बदला. दोन मिनिटांचं हे काम आहे, आणि दोन आठवड्यांचे आकडे एकमेकांशी जुळायचे असतील तर ते टाळता येत नाही.

कॉमेट: प्रत्यक्ष काम

१. फ्रॉस्टेड कडेच्या स्लाइड मिथेनॉलने पुसा, १ टक्का साध्या अगारोजमध्ये बुडवा, खालची बाजू पुसा आणि रात्रभर वाळवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हा थर पुरता वाळतच नाही आणि मग वरचं जेल लायसिसमध्ये अख्खं सुटून येतं. ३७ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा आणि सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात ठेवा.

२. पेशी ट्रिप्सिनने सोडवा, धुवा, मिलिलिटरला १० लाख एवढ्या करा. जिवंत पेशी ९० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर त्या दिवशी प्रयोग करू नका. मरणाऱ्या पेशी स्वतःच डीएनए कापतात आणि ते नुकसान तुमच्या खात्यावर येतं.

३. १० मायक्रोलिटर पेशी आणि ३७ अंशांवरचं ०.५ टक्के लो-मेल्टिंग अगारोज ७५ मायक्रोलिटर एकत्र करा, स्लाइडवर टाका, कव्हरस्लिप ठेवा, पाच मिनिटं बर्फावर. अगारोज ४० च्या वर असेल तर उष्णतेनेच पेशींना इजा होते. बोटाच्या अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर बुडवा.

४. आता, पेशी जेलमध्ये बसल्यानंतर, नुकसान करा. कव्हरस्लिप सरकवून काढा आणि स्लाइड बर्फगार पीबीएसमधल्या १०० मायक्रोमोलर पेरॉक्साइडमध्ये ५ मिनिटं ठेवा. चिकटून वाढणाऱ्या पेशींना आधी पेरॉक्साइड देऊन मग ट्रिप्सिन लावलं, तर ३७ अंशांवरच्या त्या पाच-सात मिनिटांत दुरुस्ती सुरू होते आणि तुमचं शून्य मिनिट शून्य राहत नाही.

५. थंड पीबीएसमध्ये दोनदा धुवा. शून्य मिनिटाची स्लाइड थेट लायसिसमध्ये. बाकीच्या ३७ अंशांच्या मीडियममध्ये. १०, २०, ४०, ६० आणि १२० मिनिटांनी एकेक काढून त्याच लायसिसमध्ये. प्रत्येक वेळेला दोन स्लाइड, शिवाय पेरॉक्साइड न दिलेल्या दोन सुरुवातीला आणि दोन १२० मिनिटांना.

६. शेवटची स्लाइड आत गेल्यावर किमान एक तास, ४ अंशांवर. रात्रभर ठेवल्या तरी चालतं, आणि त्यातच सोय आहे: वेगवेगळ्या वेळच्या सगळ्या स्लाइड दुसऱ्या दिवशी सकाळी एकत्र टँकमध्ये जातात.

७. टँकमध्ये स्लाइड आडव्या, मधे जागा न सोडता लावा. थंड अल्कलीने झाकून ३० मिनिटं धागे उलगडू द्या, मग २४ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर, २५ मिनिटं. करंट जास्त येत असेल तर द्रावण थोडं काढा, कमी असेल तर घाला. व्होल्टेज हलवू नका.

८. ०.४ मोलर ट्रिस, पीएच ७.५, तीनदा पाच-पाच मिनिटं. मग रंग: इथिडियम ब्रोमाइड मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम, स्लाइडला ८० मायक्रोलिटर, हातमोजे घालून.

चौथ्या पायरीपासून सातव्यापर्यंत खोलीतले पांढरे दिवे बंद, पिवळा मंद दिवा चालू. आणि तापमान जपा. अल्कलीत धागे किती उलगडतात हे तापमानावर फार अवलंबून असतं. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत ३२ अंशांवर चाललेली रन आणि डिसेंबरातली रन यांची तुलना होऊ शकत नाही. टँक बर्फाच्या ट्रेमध्ये किंवा कोल्डरूममध्ये ठेवा आणि सुरुवातीचं, शेवटचं तापमान वहीत लिहा.

काय मोजायचं, काय सोडायचं

स्लाइडमागे ५० पेशी, वेळेमागे १००. इमेज-जेसाठी असलेलं ओपनकॉमेट हे प्लगिन मोफत आहे आणि पुरेसं आहे. आकडा घ्या तो शेपटातल्या डीएनएच्या टक्केवारीचा. शेपटाची लांबी थोड्या नुकसानालाच कमाल गाठते, पुढे फक्त चमक वाढते, त्यामुळे लांबीवरून दुरुस्ती मोजणं फसवं ठरतं. स्लाइडच्या कडा आणि बुडबुड्यांजवळच्या पेशी घेऊ नका. डोकं जवळजवळ नाहीसं आणि सगळा डीएनए पंख्यासारख्या ढगात, अशा पेशी वेगळ्या मोजून नोंदवा. त्यांना सर्रास अपोप्टोसिस (पेशीचा ठरवून होणारा मृत्यू) म्हणण्याची पद्धत आहे, पण तेवढ्या चित्रावरून ते सिद्ध होत नाही. जास्त नुकसान झालेली जिवंत पेशीही तशी दिसते.

पेरॉक्साइड न दिलेल्या पेशींत शेपटाचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा. शून्य मिनिटाला ४० ते ६० टक्के ही चांगली जागा. ८० च्या वर गेलात तर मापनपट्टी संपली: निम्मं नुकसान दुरुस्त झालं तरी आकडा हलणार नाही आणि तुम्ही ‘दुरुस्ती नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. पेरॉक्साइड निम्मं करून पुन्हा करा.

वाढत्या सेल लाइनमध्ये पेरॉक्साइडच्या एकेरी तुटींपैकी निम्म्या साधारण दहा-वीस मिनिटांत भरतात. एक ते दोन तासांत वक्र तळाला टेकायला हवा. तो मधेच थबकला तर आधी मीडियमचं तापमान तपासा, पेशींच्या दोषाकडे नंतर वळा.

ऑक्सिडाइझ झालेले बेस याच प्रयोगात पाहायचे असतील तर लायसिसनंतर एफपीजी हे जिवाणूचं एन्झाइम वापरा. ते ८-ऑक्सोग्वानिन शोधून तिथे धागा कापतं, म्हणजे न दिसणारं नुकसान शेपटात दिसू लागतं. स्लाइड एन्झाइम बफरमध्ये (हेपिस ४० मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड १००, ईडीटीए ०.५, बीएसए ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पीएच ८) तीनदा धुवा, ५० मायक्रोलिटर एन्झाइम, कव्हरस्लिप, दमट डब्यात ३७ अंशांवर ३० मिनिटं. शेजारी फक्त बफरची स्लाइड ठेवा. तिचा आकडा वजा केल्यावर उरतात ते ऑक्सिडाइझ बेस. धुण्यात कसर झाली तर उरलेलं मीठ आणि ट्रायटन एन्झाइमला मारतं. एन्झाइम जास्त झालं तर ते कुठेही कापत सुटतं, म्हणून नवी बॅच आली की नुकसान न झालेल्या आणि ब्रोमेट दिलेल्या पेशींवर पाच-सहा डायल्यूशन लावून बघा. हे बेस काढायला पेशीला तास लागतात, त्यामुळे इथे नमुने ०, २, ४, ८ तासांना घ्या.

यूव्हीच्या बाबतीत एक उलटी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण इथे चांगले लोकही चुकतात. डायमर म्हणजे तूट नव्हे. यूव्ही दिल्याबरोबर काढलेल्या स्लाइडवर शेपूट जवळजवळ नसतंच. वीस-तीस मिनिटांनी ते वाढतं, आणि ते दुरुस्ती चालू असल्याचं लक्षण आहे: एक्सपीएफ आणि एक्सपीजी या दोन कात्र्यांनी पाडलेल्या कापांचं ते शेपूट. काप भरले गेले की ते पुन्हा कमी होतं. झिरोडर्मा पिगमेंटोसमच्या ए गटाच्या पेशींत हे शेपूट येतच नाही. शेपूट नाही म्हणून ‘नुकसान नाही’ असं तिथे लिहिलं, तर सर्वांत आजारी पेशीला सर्वांत निरोगी ठरवल्यासारखं होईल. काप स्पष्ट दिसायला हवे असतील तर अफिडिकोलिन घाला. त्याने भरणीचं काम थांबतं, कापणं चालू राहतं आणि तुटी साचत जातात.

मायटोकॉन्ड्रिया: लांब तुकड्याची पीसीआर

तत्त्व सोपं आहे. पीसीआरमध्ये पॉलिमरेज हे एन्झाइम डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या पुन्हा पुन्हा प्रती काढतं. धाग्यावर पॉलिमरेजला अडवणारी जखम असेल तर त्या रेणूची प्रत निघत नाही. तुकडा जितका लांब तितकी त्यात एखादी जखम सापडण्याची शक्यता जास्त. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर ५,९९९ ते १४,८४१ या जागांमधला साधारण ८.९ किलोबेसचा तुकडा वापरतात, सोबत २२१ बेसजोड्यांचा छोटा तुकडा. छोट्यात जखम सापडण्याची शक्यता नगण्य, म्हणून तो फक्त ‘मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या प्रती किती आहेत’ हे सांगतो. तुलनेसाठी त्याच डीएनएमधून केंद्रकातला बीटा-ग्लोबिनचा १३.५ किलोबेसचा तुकडाही लावा.

पेशींना २०० मायक्रोमोलर पेरॉक्साइड ६० मिनिटं द्या, सीरम नसलेल्या मीडियममध्ये. त्या मीडियममध्ये पायरुव्हेटही नसावं. डीएमईएम या नेहमीच्या मीडियमच्या अनेक बाटल्यांत ते असतं आणि ते पेरॉक्साइड गिळून टाकतं. मग साध्या मीडियममध्ये ०, १.५, ३, ६ तास. डीएनए अॅनायन-एक्स्चेंज कॉलमने काढा. फिनॉल नको, त्याने काढतानाच बेस ऑक्सिडाइझ होतात. व्हॉर्टेक्स नको, पिपेटचं टोक कापून वापरा, नमुना पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका. यांत्रिक तूटही पीसीआरला जखमच वाटते.

डीएनएची मोजणी पिकोग्रीन या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने करा. नॅनोड्रॉपवर (यूव्ही शोषण मोजणाऱ्या यंत्रावर) आरएनएही मोजला जातो आणि इथे १० टक्क्यांची चूकही परवडत नाही. आधी १० नॅनोग्रॅम, पुन्हा मोजून ३ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर करा. ५ मायक्रोलिटर म्हणजे १५ नॅनोग्रॅम, ५० मायक्रोलिटरच्या रिअॅक्शनमध्ये. सायकल इतक्याच ठेवा की वाढ अजून दुपटीच्या टप्प्यात असेल. मायटोकॉन्ड्रियाच्या लांब तुकड्याला त्या बहुधा विशीच्या आसपास भरतात, पण तुमच्या एन्झाइमवर ते ठरवा. निकष एकच: प्रत्येक प्लेटमध्ये निम्मं टेम्प्लेट (७.५ नॅनोग्रॅम) घातलेली एक नळी हवी आणि तिचं उत्पादन पूर्ण नळीच्या ४० ते ६० टक्के यायला हवं. ८० टक्के आलं तर रिअॅक्शन साचली आहे, सायकल कमी करा. ती प्लेट वाचवण्याचा प्रयत्न करू नका.

हिशोब असा. कोरी नळी वजा केल्यावर न दिलेल्या पेशींचं उत्पादन १०,०००, दिलेल्यांचं ६,२००. गुणोत्तर ०.६२. पण छोट्या तुकड्याचं गुणोत्तर ०.९० आलं, म्हणजे प्रतीच १० टक्के कमी आहेत. ०.६२ भागिले ०.९० म्हणजे ०.६८९. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम, चिन्ह बदलून, ०.३७३. ८.९ ने भागून १० ने गुणा: दर १० किलोबेसला ०.४२ जखमा. प्रतींच्या गुणोत्तराने भागायला विसरला असतात तर ०.५४ लिहिलं असतं.

ही पद्धत ज्या प्रयोगशाळेत घडली त्या व्हॅन हाउटन आणि येक्स यांच्या १९९७ मधल्या कामात, मानवी फायब्रोब्लास्टना ६० मिनिटं पेरॉक्साइड दिल्यावर केंद्रकातलं नुकसान दीड तासात भरून आलं, मायटोकॉन्ड्रियातलं तसंच राहिलं. तुमच्या वक्रात मायटोकॉन्ड्रिया सहा तासांत साफ झालेले दिसले, तर छोट्या तुकड्याचा आकडा त्याच वेळांना पुन्हा बघा. तुटलेल्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचं पेशी बऱ्याचदा काही दुरुस्त करत बसत नाही. ती तो सरळ मोडीत काढते आणि शिल्लक चांगल्या प्रतींवरून नव्या करते. शून्य तासाला प्रती १.०, तीन तासांना ०.६५, सहा तासांना ०.७०, आणि जखमा मात्र उतरत शून्याकडे, असं चित्र आलं तर जखमी रेणू गेले आहेत, बरे झालेले नाहीत. प्रती स्थिर राहून जखमा उतरल्या, तरच ‘दुरुस्ती’ हा शब्द वापरा.

८-ऑक्सोग्वानिन या पीसीआरला नीट दिसत नाही, पॉलिमरेज त्यावरून पुढे निघून जातं. ते हवं असेल तर काढलेला डीएनए आधी एफपीजीने कापा. पद्धत नीट चालते आहे का याची कसोटी यूव्हीने घ्या: २४ तासांत बीटा-ग्लोबिनमधल्या जखमा कमी व्हायला हव्यात, मायटोकॉन्ड्रियातल्या जागेवर राहायला हव्यात. आणि छोट्या तुकड्याचे प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा हे ठरवणारे डीएनएचे आखूड धागे) नवे घेतले असतील तर ते मायटोकॉन्ड्रियल डीएनए नसलेल्या ऱ्हो-झिरो पेशींच्या डीएनएवर चालवा. तिथे पट्टी आली, तर प्रायमर केंद्रकात शिरलेल्या जुन्या मायटोकॉन्ड्रियल तुकड्यांना धरत आहेत. ते बदलल्याशिवाय प्रतींचा कुठलाच आकडा लिहू नका.